आधी 'य', मग 'व': गुंजाला आणि मार्लवाईचे चार दिवस

गेल्या दिवाळीत, गोंडांच्या दंडारी नाचाच्या दिवसांत, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावी एका परधान बाबांनी, म्हणजे गोंडांच्या भाटानं, गायलेली कथा माझ्या भाचीनं मोबाइलवर उतरवून घेतली. ती भाषाविज्ञान शिकते. बाबा किंगरी हे गजाचं तंतुवाद्य वाजवत दोन रात्री गायले, आणि तिसऱ्या दिवशी निघताना त्यांनी अट घातली, "लिहून आण. मला वाचून दाखव. माझ्या कानाला पटलं तरच पुढं कुणाला दे."

ती अट पुरी करायला आम्ही दोघी जानेवारीत पुन्हा निघालो. मी यवतमाळात तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. लिखाण तपासायला भाचीला मी हवी होते. मलाही जायचंच होतं, कारण हा मुलूख आम्हा वऱ्हाडातल्या माणसांच्या उंबऱ्याशी असून मी तिथं कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

पहिला दिवस: पैनगंगेपलीकडे

पांढरकवडा, पाटणबोरी, मग पैनगंगेचा पूल. पुलाच्या अलीकडे कापसाच्या गाड्या, पलीकडेही कापसाच्या गाड्या. पाट्यांवरची अक्षरं तेवढी बदलतात. आदिलाबादच्या स्टँडवर मी सवयीनं मराठीत विचारलं आणि मराठीतच उत्तर मिळालं. हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत त्याचे राजुरा आणि किनवट हे तालुके मुंबई राज्यात आले, बाकीचा बहुतेक भाग तेलुगू राज्यात राहिला. बोलीनं मात्र ही रेघ अजून पुरती मानलेली नाही.

गुडीहत्नूरवरून इंद्रवेल्लीला वळलो. गावाजवळच्या हिरापूरला एक स्तंभ आहे. 20 एप्रिल 1981 रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंड आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृत्यूंचा, गावोगावचे लोक त्याहून पुष्कळ जास्त सांगतात. स्तंभापाशी आम्ही दहा मिनिटं उभ्या होतो. एक म्हातारी शेळ्या घेऊन चालली होती. ती थांबली, स्तंभाकडे बघून हात जोडले आणि पुढे गेली.

केसलापूरला नागोबाचं देऊळ आहे. पुष्य अमावास्येला इथं मोठी जत्रा भरते. तिला आठवडाभर अवकाश होता. गोंडांतल्या मेस्राम कुळाची माणसं कलश भरून आणायला अनवाणी गोदावरीकडे गेली होती. जुनं देऊळ लहान होतं. आताचं दगडी देऊळ मेस्राम लोकांनी आपसांत वर्गणी काढून बांधलं आणि 2022 च्या डिसेंबरात त्याची प्रतिष्ठापना केली. वडाखाली झाडलोट चालू होती. यात्रेकरू येऊन इथंच उतरतात. जत्रेत कुळातल्या नव्या सुनांची देवाशी ओळख करून देतात, तिला भेटी म्हणतात. ती होईपर्यंत सून कुळाची पुरती होत नाही, असं झाडणाऱ्या बाईनं सांगितलं. मग माझ्या सासरचं कुलदैवत कुठलं ते तिनं विचारून घेतलं.

मुक्काम उटनूरला. जानेवारीत जाणार असाल तर शाल पुरत नाही, जाड स्वेटर आणि कानटोपी हवीच. पहाटे इतकं धुकं असतं की समोरचा बैल दिसत नाही. उटनूरला राहायच्या सोयी मोजक्या आहेत, जत्रेच्या दिवसांत आदिलाबादलाच राहावं. तेलंगणच्या एसटीत बायकांना तिकीट नाही, पण ते तिथल्या रहिवासी बायकांसाठी. आपण महाराष्ट्राचं आधार दाखवून वाद घालू नये, सरळ पैसे द्यावेत. आणि उटनूरला आदिवासी बायका मोहाच्या फुलांचे लाडू करतात, ते आवर्जून घ्या. मनुकांसारखा खोल गोडवा असतो आणि मागून किंचित धुरकट चव येते. मी दोन डबे घेतले, एक परतीच्या आत संपला.

दुसरा दिवस: गुंजाला

नारनूरकडच्या रस्त्यानं गुंजाला. लहान गाव, कौलारू घरं, शेणानं सारवलेली अंगणं. तुरी पिवळ्या पडत आल्या होत्या.

या गावाचं नाव जगभरच्या संगणकांत आहे, आणि ते आणलं गावातल्या म्हाताऱ्यांनी. इथल्या घरांत गोंडी भाषेतली डझनभर जुनी हस्तलिखितं जपून ठेवलेली होती, एका वेगळ्याच लिपीत लिहिलेली. हैदराबाद विद्यापीठाचे प्राध्यापक जयधीर तिरुमल राव आपल्या गटासह आले, तेव्हा ती लिपी वाचू शकणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. विद्यापीठातल्या कुणालाच ती येत नव्हती. म्हाताऱ्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर उच्चारून दाखवलं आणि शिकलेल्या माणसांनी समोर बसून ते गिरवलं. पोथ्या साधारण 1750 च्या सुमाराच्या असाव्यात, असं अभ्यासकांचं मत आहे. महिन्यांची आणि वारांची नावं, आकडे, व्याकरण, पत्रिका मांडायची कुंडली असं बरंच त्यांत आहे. पुढे या लिपीचा फाँट झाला, वाचनाची पुस्तकं झाली, मुलांना ती शिकवायला सुरुवात झाली. जून 2018 मध्ये ती युनिकोडमध्ये दाखल झाली. तिथं तिचं नाव 'गुंजाला गोंडी' असंच आहे.

एका ओसरीवर एक मुलगी अक्षरं घोकत बसली होती. मी शेजारी बसले. मला वाटलं होतं की 'क, ख, ग' असं काही कानावर येईल. ती म्हणत होती, "य, व, ब, भ, म, क, ख, त, थ, ल…"

मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. आयुष्यभर फळ्यावर 'क' पासून मुळाक्षरं लिहिलेल्या माझ्या हाताला हा क्रम झेपेना. आपली वर्णमाला कंठापासून ओठांकडे येते, एवढंच मी मुलांना शिकवत आले. इथं कुणीतरी आपल्या भाषेकडे बघून निराळा क्रम लावला होता, आणि 'क' सहाव्या जागी बसला होता. मुलीनं माझ्या वहीत माझं नाव लिहून दिलं. मी ते बघून बघून गिरवलं, तर म्हणाली, "उलट्या बाजूनं काढलं तुम्ही, पण बरोबर दिसते." मग तिनं माझा हात धरून वळण शिकवलं.

दुपारी जेवण परधान बाबांच्या घरी. ज्वारीची भाकरी, ओल्या तुरीच्या दाण्यांचं वरण, पाट्यावरची लाल मिरची. बाबांच्या सुनेनं विचारलं, "मावशी, तिखट चालते ना?" तेलुगू गावात ही विदर्भातली बोली कशी, म्हणून मी चकित झाले, तर बाबा म्हणाले, "आम्ही परधान. घरात मराठीच बोलतो आम्ही, पहिल्यापासून. गोंडांकडे गेलो की गोंडी. बाजारात तेलुगू." परधान हे राजगोंडांचे भाट. प्रत्येक परधान घराचे ठरलेले गोंड यजमान असतात. त्यांच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा किंगरीवर गाऊन जपणं हे परधानांचं काम. थोडक्यात, गोंडांचा इतिहास पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत सांभाळला गेला आहे. ही गोष्ट मला माझ्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात भेटली नव्हती.

ऊन उतरल्यावर वाचन सुरू झालं. किंगरी बाबांच्या मांडीवर. बाबांचा नातू, तो आयटीआयला जातो, बाजूला. दोन गोंड शेजारी मुद्दाम बोलावलेले, कारण कथा त्यांची. भाची एकेक ओळ गोंडीत वाचायची, मग खाली लिहिलेला मराठी अर्थ. बाबा डोळे मिटून ऐकत. चुकलं की किंगरीवर गज एकदा ओढत, शब्द बोलत नसत. मग नातू विचारी, "कुठं?" आणि आम्ही मागे जात असू.

कथा पहांदी कुपार लिंगालची. लिंगाल गुहेत कोंडलेल्या देवांना सोडवतो आणि त्यांची चार सगांत, म्हणजे गटांत, वाटणी करतो: चार भावांचा सगा, पाच भावांचा, सहा भावांचा, सात भावांचा. एका सगातल्या मुलामुलीचं लग्न होत नाही. गोंड समाजाची सगळी सोयरीक या वाटणीवर उभी आहे. पुढे एका ठिकाणी नवरदेवाकडचे लोक दारात येतात आणि घरधनी म्हणतो की माझे सगे आले. आम्ही अर्थ लिहिला होता, 'माझे रक्ताचे नातलग आले.'

गज जोरात ओढला गेला. या वेळी बाबांनी डोळेही उघडले.

"रक्ताचे कसे? रक्ताचे असते तर पोरगी कशी देईल त्याईले?"

मराठीत सगा भाऊ म्हणजे एकाच आईच्या पोटचा. गोंडीत आपल्या गटातले ते दादाल आणि तम्मूर, म्हणजे थोरले आणि धाकटे भाऊ. सगे म्हणजे दुसऱ्या गटातले, ज्यांच्याशी सोयरीक जुळते ते. शब्द तोच, आणि अर्थ नेमका उलटा. अर्थाच्या त्या ओळी मी तीन वेळा तपासल्या होत्या. भाचीनं तपासल्या होत्या. तिच्या मार्गदर्शकांनीही पाहिल्या होत्या. ते पान तसंच छापलं गेलं असतं, तर लग्नाच्या गाण्यात बापानं आपली मुलगी तिच्याच भावाला दिली, असं पुस्तकात कायमचं राहिलं असतं. पुढचा कुणी अभ्यासक त्यावरून या समाजाबद्दल काय लिहून बसला असता, या विचारानं मला घाम फुटला.

बाबांना राग आला नव्हता. शेजारच्या गोंड काकांनी तर मला समजावून सांगितलं, "तुमच्या भाषेत शब्द हाये म्हणून तुमाले विचारावं वाटलं नाही. नवा शब्द असता तर विचारला असता." मी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. ओळखीच्या शब्दांना आधी विचारायचं, हे मी भाषेची शिक्षिका असून साठीनंतर या ओसरीवर शिकले.

संध्याकाळपर्यंत अशा अकरा चुका निघाल्या. एका जागी बाबांनी हातानं खूण करून मोबाइल बंद करायला लावला. तो भाग पेनपूजेच्या, म्हणजे देवांच्या पूजेच्या, वेळीच गायचा असतो, आणि दिवाळीत ओघात गायला गेला होता. भाचीनं तेवढा तुकडा त्यांच्यासमोर पुसला. आपल्या वहीतली ती पानंही फाडून नातवाच्या हाती दिली. तिला वाईट वाटलं का, असं मी रात्री विचारलं. ती म्हणाली, "मावशी, ते माझ्याकडे चुकून आलं होतं."

तुम्ही अशा गावी जाणार असाल तर आधी गावपटेलांना भेटा, येण्याचं कारण सांगा, कुठलाही ध्वनिमुद्रणाचा प्रकार विचारल्याशिवाय सुरू करू नका. फोटोसाठी होकार मिळाला म्हणजे गाण्यासाठीही मिळाला, असं धरू नका. आणि जे घ्याल त्याची प्रत गावात ठेवून या. गावात नेटवर्क अधूनमधून येतं, त्यामुळे 'नंतर पाठवते' याला अर्थ नसतो. आम्ही पेनड्राइव्ह आणि छापील कागद दोन्ही नेले होते, आणि कागद जास्त हाताळले गेले.

तिसरा दिवस: मार्लवाई, 11 जानेवारी

धुक्यातून जैनूर, तिथून मार्लवाई. गावाबाहेर दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत. एक बेट्टी एलिझाबेथ यांची, दुसरी त्यांचे पती ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांची. बेट्टी 11 जानेवारी 1987 ला हैदराबादला वारल्या आणि त्यांना इथं आणून पुरलं. ते 1995 मध्ये लंडनला वारले. पुढे त्यांच्या मुलानं त्यांच्या अस्थी इथं आणल्या. दर 11 जानेवारीला गाव त्यांची आठवण करतं. आम्ही पोचलो तेव्हा झेंडूचे हार चढत होते, शाळेची मुलं रांगेत होती आणि ढोल तापवण्यासाठी शेकोटी पेटवलेली होती.

हायमेनडॉर्फ ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ. जर्मन पारपत्रामुळे महायुद्ध लागल्यावर त्यांना हैदराबाद संस्थानाबाहेर जायला बंदी झाली. इकडे 1940 मध्ये जोडेघाटला निजामाविरुद्ध उठलेले गोंड नेते कोमराम भीम आणि त्यांचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. हे लोक का उठले, याचा शोध घ्यायला निजाम सरकारनं याच माणसाला पाठवलं. नवराबायको मार्लवाईत झोपडी बांधून राहिले. त्यांनी सरकारला सांगितलं की जमीन गेली म्हणून हे उठले, जमीन परत द्या. 1943 पासून इथं गोंड तरुणांना शिक्षक करायचं केंद्र चाललं.

त्या शाळांची वाचनपुस्तकं गोंडीत होती, आणि लिपी देवनागरी. त्या काळी इथल्या गोंडांना मराठी येत होती, म्हणून मराठीची लिपी घेतली. गोंड मूल पहिलं अक्षर आपल्या भाषेत वाचत होतं. 1956 नंतर शाळा तेलुगू झाल्या आणि ती सोय मोडली. समाधीपाशी भेटलेले एक वृद्ध त्या शाळेतून शिकून शिक्षक झालेल्या माणसाचे चिरंजीव. ते म्हणाले, "वडील घरी देवनागरीत पत्र लिहीत. मला ते पत्र माझ्या पोरांना वाचून दाखवावं लागते."

या जोडप्यानं पुष्कळ लिहून ठेवलं, पुष्कळ फोटो काढले, आणि त्याबद्दल गावाला माया आहे, ती मी डोळ्यांनी पाहिली. पण मला राहून राहून गुंजाल्याची ओसरी आठवत होती. हायमेनडॉर्फ यांची पुस्तकं इंग्रजीत, आणि त्यांचे फोटो आणि कागद लंडनच्या संग्रहात आहेत. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांनी ते ऐकून 'इथं चुकलं' असं म्हणायची सोय त्या काळी कुणी केली नाही. त्यांच्या प्रेमाला यानं उणेपणा येत नाही. आजच्या अभ्यासकाला मात्र ही सोय करता येते, म्हणून ती त्यानं केलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

ढोल वाजला आणि गुस्साडी आले. मोरपिसांचे जड टोप, खांद्यावर कातडं, अंगाला राख, हातात काठी. खरा गुस्साडी दिवाळीच्या दंडारीत नाचतो. इथं मुलांनी मान म्हणून थोडा नाच केला. याच मार्लवाईचे कनक राजू हा नाच पोरांना शिकवत आले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि 2024 मध्ये ते गेले. एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा मोठ्यांच्या मागे पावलं टाकत होता. टोप त्याच्या डोळ्यांवर येत होता, तो एका हातानं वर सारत होता, आणि पाऊल एकदाही चुकलं नाही.

जेवायला शाळेतच बसवलं. भात, पातळ वरण, वांग्याची भाजी. मुलांबरोबर पंगतीत जेवलो.

चौथा दिवस: उशेगाव, जोडेघाट, घर

उशेगाव जैनूरजवळच आहे. इथं ओझा लोक पितळेच्या ढोकरा मूर्ती करतात. मातीच्या गोळ्यावर मेणाचे दोरे गुंडाळून नक्षी करायची, वरून पुन्हा मातीचा लेप, भट्टीत मेण वितळून निघालं की त्या पोकळीत पितळ ओतायचं. साचा फोडल्याशिवाय मूर्ती मिळत नाही, म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती एक. आदिलाबाद ढोकराला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या ताईंकडून आम्ही छोटा मोर घेतला, त्या मेणाचा दोरा तळहातावर वळत वळत बोलत होत्या, एकदाही खाली न बघता. भावात घासाघीस करू नका. एका मोराला किती दिवस लागतात ते फक्त विचारा.

मग केरामेरीचा घाट. समोरून माणसांनी भरलेले टेम्पो येत होते, बायका गात होत्या. पुष्य महिन्यात महाराजगुड्याजवळ जंगूबाईच्या गुहेची यात्रा असते. जागा दोन राज्यांच्या ऐन सीमेवर आहे आणि दोन्हीकडचे गोंड तिथं येतात. आम्हाला तिकडे वेळ नव्हता, ते मनाला लागून राहिलं. जोडेघाटला कोमराम भीम यांचं स्मारक आणि आदिवासी संग्रहालय आहे. घाटरस्ता अरुंद आहे, अंधार पडायच्या आत खाली उतरा.

आसिफाबाद, वांकिडी, मग लक्कडकोट आणि राजुरा. पाट्या पुन्हा देवनागरीत आल्या. चंद्रपूरहून रात्रीची यवतमाळची गाडी मिळाली. भाचीनं मांडीवर वही घेऊन 'सगे' असलेली प्रत्येक ओळ पुन्हा काढली. सात निघाल्या. आम्ही दोघींनी प्रत्येकीपुढे खूण केली आणि अर्थाची जागा रिकामी ठेवली.

परवा नातवाचा फोन आला. आम्ही ठेवून आलेले कागद बाबा रोज रात्री त्याला वाचायला लावतात. तीन ओळी त्यांनी आणखी बदलल्यात. अक्षरं घोकणाऱ्या त्या मुलीनं कथेचं पहिलं पान गुंजाला लिपीत उतरवायला घेतलंय, पण एका शब्दाशी अडली आहे आणि बाबा सांगत नाहीत, म्हणतात होळीला त्या दोघी आल्या की सगळे मिळून बसू. भाचीनं रजेचा अर्ज दिला आहे. मी 'य' पासून 'ल' पर्यंत आले आहे.